आभार आणि आर्जव

पुण्यांतील सुशिक्षित कुटुंबांची दृष्टि नोकरीच्या बाबतींत सरकारी कचेरी, शाळा अथवा पेढी यांपलीकडे फारशी जात नसे, असा एक काळ होता. तो पालटला तो शहराच्या वायव्येस. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वांत आलें, आणि पुढें भोसरी-चिंचवडच्या माळांवर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. ज्या चाकणचें नांव मुलांस १६६० च्या वेढ्यासाठीं व फिरंगोजी नरसाळ्याच्या शौर्यासाठीं शिकवावयाचें, त्या चाकणच्या परिसरांत आज मोटारींचे व दुचाकींचे मोठमोठे कारखाने चालतात. या पट्ट्यांत कोणी ना कोणी मुलाखतीस गेलें नाहीं, असें घर आमच्या वाचकवर्गांत विरळाच असेल.

मुलाखत देऊन आल्यावर, ज्यांनीं ती घेतली त्यांस आभाराचें पत्र लिहावें कीं नाहीं, हा प्रश्न अलीकडे अशा घरांतून ऐकूं येतो. अमेरिकेंत हा शिष्टाचार रूढ आहे, व आपल्याकडील कित्येक तरुण-तरुणी तो उचलूं लागल्या आहेत. घरांतील वडील मंडळींस मात्र तो रुचत नाहीं. त्यांचे आक्षेप दोन. काम होण्यापूर्वींच आभार कसले, हा पहिला; आणि ही निव्वळ खुशामत आहे, हा दुसरा. दोन्ही आक्षेप विचार करण्याजोगे आहेत.

पहिल्याचें उत्तर ‘कृतज्ञ’ या शब्दांतच आहे. जें केलें गेलें तें जो जाणतो, तो कृतज्ञ. पुढें जें मिळणार असेल त्याचा या शब्दाशीं संबंध नाहीं. आतां मुलाखतींत ‘कृत’ असें काय असतें? भोसरीच्या एखाद्या लहान कारखान्याचा मालक चालतें मशीन थांबवून, हात पुसत बाहेर येतो. उमेदवाराच्या हातीं व्हर्नियर देऊन माप घ्यावयास सांगतो. आणि तें चुकलें तर कसें घ्यावें तें स्वतः दाखवितो. मोठ्या कारखान्यांत दोन-तीन अधिकारी आपापलें काम बाजूस ठेवून अर्धा-पाऊण तास बसतात, आणि त्यांच्या एखाद्या प्रश्नानें आपलें ज्ञान कोठें अपुरें आहे तें मुलास प्रथमच कळतें. हें सर्व त्यास मिळून चुकलेलें असतें. नोकरी मिळो वा न मिळो, तें कोणी परत घेत नाहीं. तेव्हां आभार याचे मानावयाचे, आणि ते निकालाची वाट न पाहतां मानावयाचे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, व तो सर्वस्वी खोटा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. ‘आर्जव’ हा शब्द पाहा. संस्कृतांत तो ‘ऋजु’ यापासून झालेला असून त्याचा अर्थ सरळपणा, निष्कपटपणा असा आहे. मराठींत येतां येतां त्यास विनवणीचा, गयावयेचा अर्थ चिकटला. मुलाखतीनंतरचें पत्रही असेंच एका अर्थाकडून दुसऱ्याकडे घसरूं शकतें. “आपण दिलेल्या वेळाबद्दल आभारी आहें,” हें संस्कृत आर्जव झालें. “माझा सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा, घरची जबाबदारी माझ्यावर आहे,” हें मराठी आर्जव. ज्या पत्रांत मागणें शिरलें तें आभाराचें पत्र राहिलें नाहीं. तो दुसरा अर्ज झाला.

येथें वडील मंडळींसही दोन शब्द सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. खुशामतीचा आक्षेप घेणाऱ्या घरांतूनच पुष्कळदां मुलास न सांगतां कोणा काकांच्या स्नेह्यास दूरध्वनि जातो, आणि “आपला मुलगा आहे, जरा लक्ष असूं द्या,” असा शब्द टाकला जातो. पत्रास खुशामत म्हणावयाचें आणि वशिल्यास आपलेपणा, हा न्याय विचित्र आहे. वशिल्यानें मुलाची योग्यता वाढत नाहीं. उलट त्याच्या योग्यतेविषयीं घरच्यांसच शंका आहे, असें मात्र समोरच्यास वाटतें. तसाच, निकालापूर्वीं पेढ्यांचा पुडा घेऊन अधिकाऱ्याच्या घरीं जाण्याचा मोह आवरावा. तो कितीही शुद्ध भावानें नेला तरी त्यास लांचेचा वास येतोच. पत्र मुलानें किंवा मुलीनें स्वतः लिहावें. वडिलांनीं फार तर शुद्धलेखन पाहावें.

मागणें नसलेल्या सरळ पत्रास किती वजन असतें, याचें एक उदाहरण याच पट्ट्याशीं निगडित आहे. तें पत्र आभाराचें नव्हतें व मुलाखतीनंतरचेंही नव्हतें. तरी तें येथें सांगण्याजोगें आहे. १९७४ सालीं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी यांनीं, म्हणजे आजच्या लेखिका सुधा मूर्ति यांनीं, टेल्कोची एक जाहिरात वाचली. स्त्रियांनीं अर्ज करूं नयेत असें तींत म्हटलें होतें. त्यांनीं जे. आर. डी. टाटा यांस एक पोस्टकार्ड लिहून हा भेद टाटांस शोभत नाहीं असें स्पष्ट कळविलें. थोड्याच दिवसांत तारेनें मुलाखतीचें बोलावणें आलें. मुलाखत पुण्यास झाली, आणि त्या टेल्कोंत अभियंता म्हणून रुजू झाल्या. ही हकीकत त्यांनीं स्वतःच लिहून प्रसिद्ध केली आहे. त्या कार्डावर दया मागितलेली नव्हती. वाटलें तें थोडक्यांत व सरळ लिहिलें होतें.

आतां पत्र कसें लिहावें तें सांगतों. मुलाखतीच्या दिवशीं संध्याकाळीं किंवा दुसऱ्या दिवशीं तें धाडावें. ज्या पत्त्यावरून बोलावणें आलें त्याच पत्त्यावर, ई-मेल असेल तर ई-मेलनेंच, उत्तर द्यावें. त्या पत्त्यावर उत्तर स्वीकारलें जात नसेल तर अधिकाऱ्याचा खासगी क्रमांक शोधीत बसूं नये. मुलाखत ज्या भाषेंत झाली त्याच भाषेंत लिहावें, आणि नांवें बिनचूक असावींत. चार-पांच वाक्यें पुरे. पुढील मासला पाहावा:

“सादर नमस्कार. काल, मंगळवारीं, गुणनियंत्रण विभागांतील पदासाठीं आपण माझी मुलाखत घेतलीत. सुटा भाग नाकारण्यापूर्वीं मोजण्याचें साधन तपासून घ्यावें, हें आपण प्रत्यक्ष दाखवून समजाविलेंत. तें माझ्या कायम ध्यानांत राहील. आपण मागितलेली गुणपत्रिकेची प्रत सोबत जोडली आहे. आपण दिलेल्या वेळाबद्दल मी मनःपूर्वक आभारी आहें.”

यांत मधलें वाक्य महत्त्वाचें. तें दुसऱ्या कोणास लिहितां येणार नाहीं. हल्लीं यंत्राकडून निर्दोष पत्र क्षणांत तयार करून मिळतें. परंतु त्या खोलींत काय घडलें तें यंत्रास ठाऊक नसतें. तें वाक्य सुचत नसेल तर मुलाखतींत आपलें लक्ष कोठें होतें, हें स्वतःस विचारावें.

अशा पत्रानें नोकरी मिळेल काय? अपात्रास ती पत्रानें मिळणार नाहीं. मोठ्या कारखान्यांत निवड बहुधा परीक्षेच्या गुणांवर व गरजेवर ठरते, आणि पत्र कदाचित् वाचलेंही जाणार नाहीं. लहान कारखान्याचा मालक तें वाचील, आणि पुढें जागा निघाली म्हणजे त्यास नांव आठवेल, इतकाच संभव. म्हणून नकार आल्यावरही दोन ओळी लिहाव्या, असा आमचा आग्रह आहे. तेव्हां मागण्यासारखें कांहींच उरलेलें नसतें, आणि त्या ओळींत खुशामत आहे असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. शाळेंत गुणांसाठीं आभारपत्र लिहिणारीं मुलें आम्हीं पुष्कळ पाहिलीं. गुण मिळणार नाहींत हें कळल्यावर जो तें लिहितो, त्यास तें लिहितां येऊं लागलें असें आम्ही समजतों.