पृथ्वी फिरली, जात मात्र जागेवरच!

1543 साली कोपर्निकसचा ग्रंथ आला आणि पृथ्वी विश्वाच्या केंद्रावरून हटली. 1859 साली डार्विनने माणसाच्या वेगळ्या निर्मितीच्या समजाला हादरा दिला. या क्रांत्या विज्ञान म्हणून शिकवल्या जातात. पण 1873 साली महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त ब्रह्मदेवाच्या अवयवांतून चार वर्ण जन्मल्याच्या कथेची उलटतपासणी केली, ती मात्र नुसती 'समाजसुधारणा' ठरते. का? प्रश्न तर एकच होता : पोथीत लिहिले म्हणून खरे का मानायचे? पुरावा काय?

फरक असा की पृथ्वी फिरते हे मानायला आज कुणाला काही गमवावे लागत नाही. जात खोटी आहे हे मानले तर मान, जमीन, सोयरीक या सगळ्यांचा हिशेब द्यावा लागतो. म्हणूनच आमच्या नामपुरात कांद्याचे भाव मोबाइलवर बघणारा शिकलेला माणूसही सोयरीक जमवताना आधी जात विचारतो.

याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. पुढच्याच वर्षी 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये त्यांनी बजावले की शास्त्रांचे प्रामाण्य नाकारल्याशिवाय जात जाणार नाही.

2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. हा फक्त विज्ञान शिक्षकांचा प्रश्न नाही, बंधू-भगिनींनो. पुरावा मागण्याची सवय मोडली, की पहिला घाव आपल्यावरच पडतो. म्हणून ज्या तासाला डार्विन शिकवाल, त्याच तासाला फुलेही शिकवा.

जय भीम!