स्वस्त शेअरची खरी किंमत

स्वस्ताईचा मोह हा दलाल स्ट्रीटवरील काही नवा रोग नव्हे. कधीकाळी सहाशे रुपयांना विकला जाणारा शेअर वीस रुपयांत मिळतो असे दिसताच नोकरदार आणि पेन्शनर आपली शिल्लक पुढे करतात. हा शेअर उद्या बाजाराच्या यादीवर राहील काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही. तो न विचारण्याची किंमत किती पडते, हे दिवाण हाउसिंग फायनान्सच्या प्रकरणाने दाखवून दिले आहे.

रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये या कंपनीचे संचालक मंडळ बरखास्त केले आणि प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले. तरीही शेअरचे व्यवहार चालूच राहिले. ७ जून २०२१ रोजी कंपनी न्यायाधिकरणाने पिरामल समूहाची योजना मान्य केली, तेव्हा तर भावाने उसळी घेतली! वास्तविक त्या योजनेत भागधारकांचा वाटा शून्य होता. १४ जूनपासून व्यवहार थांबले आणि भागधारकांच्या हाती दमडीही आली नाही. २०२४ मध्ये रिलायन्स कॅपिटलच्या भागधारकांवर हाच प्रसंग ओढवला.

यात बेकायदेशीर काहीच नव्हते, हीच खरी मेख आहे. २०१६ च्या कायद्यान्वये धनकोंचे देणे आधी आणि सामान्य भागधारकाचे सर्वांत शेवटी. कंपनी वाचली म्हणजे जुना भागधारकही वाचला, असा हिशेब मांडणारा हमखास फसतो. प्रवर्तक स्वखुशीने शेअर यादीवरून काढतात, तेव्हा सेबीच्या नियमांनुसार भागधारकांस मोबदला द्यावा लागतो. नियमभंगाबद्दल सक्तीने काढल्यास प्रवर्तकांनी रास्त किंमत द्यावी, अशी तरतूद आहे. दिवाळखोरीच्या वाटेवर तेवढाही आधार उरत नाही.

म्हणून खरेदीपूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. कंपनी न्यायाधिकरणापुढे आहे काय? बाजाराने तिला विशेष देखरेखीखाली वा 'झेड' गटात टाकले आहे काय? तिमाही हिशेब वेळेवर येतात काय? योजना जाहीर झाली असल्यास तीत भागधारकांस काय मिळणार? ही माहिती शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य मिळते.

परंतु सारा बोजा गिऱ्हाइकावर टाकून सेबीला हात झटकता येणार नाहीत. विकू पाहणाऱ्यास वाट मोकळी हवी, हा युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो. पण शून्यावर जाणाऱ्या शेअरमध्ये एकाची सुटका ती दुसऱ्याची बुडवणूकच ठरते. 'एएसएम', 'जीएसएम' या इंग्रजी आद्याक्षरांतून सामान्य माणसास धोका उमगत नाही. ज्या शेअरचे मोल शून्य ठरणार आहे, त्याच्या भावाशेजारीच तसे स्वच्छ मराठीत लिहिणे दलालांवर बंधनकारक करावे. विषाच्या बाटलीवर चिठ्ठी लावणे सक्तीचे असते. येथे तर आयुष्याची पुंजी पणास लागलेली असते!