'आपण' जिंकलो, 'ते' हरले!

आधी एक कबुली. १४ मार्च २०२४, गुरुवार. त्या दिवशी मी सगळी लेक्चर्स आणि एक प्रॅक्टिकल बुडवलं. (सरांनी हा परिच्छेद सोडून पुढचा वाचावा, ही नम्र विनंती.) कारणच तसं होतं. वानखेडेवर रणजी ट्रॉफीची फायनल, विदर्भ विरुद्ध मुंबई, पाचवा दिवस. विदर्भाला जिंकायला ५३८ हवे होते आणि आदल्या संध्याकाळी स्कोअर होता ५ बाद २४८. म्हणजे अजून २९० रन, हातात पाच विकेट.

सकाळी साडेनऊला हॉस्टेलच्या टीव्ही हॉलमध्ये आम्ही तिघंच. मी, माझा रूममेट आणि मेसचे काका. काका कणीक भिजवून दहा मिनिटं टेकायला आले होते, ते दोन तास उठलेच नाहीत. आंघोळीची बादली घेऊन जाणारा प्रत्येक जण दारातून डोकावायचा आणि एकच वाक्य टाकून जायचा, "ते हरले ना बे, कायले पाहून राहिले?"

आणि मग कॅप्टन अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी जे चालवलं, ते तुम्हाला माहीत आहे. निदान आता तरी 'माहीत आहे' असं सगळेच सांगतात. लंचपर्यंत एकही विकेट नाही. ५ बाद ३३३. तोवर हॉल भरला होता, मागचे खुर्च्यांवर उभे होते. सकाळी बादली घेऊन डोकावणारा आता पहिल्या रांगेत बसून सांगत होता, "आपल्याला फक्त २०५ पाहिजे." 'फक्त' हा शब्द बघा! आमच्यातल्या एका विद्वानाने तर कॅल्क्युलेटर काढून ओव्हरमागे किती लागतील तेही सांगितलं. एम-थ्रीच्या पेपरला हाच कॅल्क्युलेटर तो रूमवर विसरला होता.

लंचनंतर वाडकरचं शतक झालं आणि १०२ वर तनुष कोटियनने त्याला पायचीत पकडलं. स्कोअर ३५३. पुढच्या १५ रनमध्ये खेळ खलास. शेवटी उमेश यादवचा त्रिफळा उडाला तो धवल कुलकर्णीच्या हातून, जो त्याची शेवटची मॅच खेळत होता. ३६८ ऑल आउट, १६९ रननी पराभव, मुंबईची ४२ वी ट्रॉफी. मी टीव्हीवरून नजर काढली तर हॉलमध्ये पुन्हा आम्ही तिघंच! आणि जिन्यावरून आवाज आला, "त्यांच्यात दमच नाही बे."

सकाळी 'ते', दुपारी 'आपण', चहाच्या वेळी परत 'ते'. माझा सगळा वाद या दोन शब्दांशी आहे.

असं आपलंच होतं असंही नाही. रॉबर्ट चियाल्डिनी नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर १९७६ मध्ये यावर चक्क पेपर छापलाय. कॉलेजची फुटबॉल टीम शनिवारी जिंकली की सोमवारी जास्त पोरं कॉलेजच्या नावाचे कपडे घालून वर्गात येतात, असं त्यांनी मोजून दाखवलं. फोनवर मॅचबद्दल विचारलं तर जिंकलेल्या मॅचला 'आपण' म्हणायचं प्रमाण हरलेल्या मॅचपेक्षा जास्त निघालं. म्हणजे रोग जुना आणि जागतिक आहे. पण इंग्रजीत बिचाऱ्यांकडे एकच 'वुई' आहे. आपल्याकडे 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. 'आपण' म्हटलं की समोरचाही त्यात येतो. इतका मोठा शब्द आपण लंच ते टी एवढ्याच वेळासाठी वापरतो, याचं मला वाईट वाटतं.

मी काही संत नाही. १ जानेवारी २०१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली, तेव्हा मी शाळेत होतो आणि विदर्भाची वेगळी टीम असते हेच मला त्या दिवशी कळलं! दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र "आपण जिंकलो" म्हणून मीच सगळ्यात जोरात ओरडलो. मागचं सगळं नंतर वाचलं. विदर्भ रणजीत उतरला १९५७-५८ ला. पुढच्याच सीझनपासून मुंबईने सलग १५ वेळा ट्रॉफी नेली. आणि विदर्भ? साठ वर्षांत एकदाही फायनल नाही. त्या साठ वर्षांत सीझनच्या शेवटी लोक कशाची आशा करत असतील? हरणं टळावं, एखाद्या पोराचं शतक व्हावं, बस. त्या लोकांनी 'आपण' म्हणणं सोडलं असतं तर आम्हाला ओरडायला शब्दच उरला नसता.

त्या २०१७ च्या सेमीफायनलबद्दल इथे लिहिलंच पाहिजे, कारण त्यात आपला माणूस आहे. आपला म्हणजे इंजिनीअर. रजनीश गुरबानी, सिव्हिलचा. कोलकात्याला ईडन गार्डन्सवर कर्नाटकला १९८ हवे होते आणि चौथ्या दिवसअखेर त्यांचे ७ बाद १११. उरलेले ८७ रन तीन विकेटमध्ये कोण काढणार? विदर्भवाले निवांत झोपले असतील. सकाळी कर्नाटकचं शेपूट असं काही वळवळलं की ते १९२ पर्यंत आले. ५ रननी जिंकलो! गुरबानीच्या त्या डावात ७ आणि मॅचमध्ये १२ विकेट, आणि वर फायनलमध्ये हॅटट्रिक. (सिव्हिलवाल्यांना प्लेसमेंट नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

आता माझ्या गावाकडे येतो. आम्ही सालेकसा तालुक्यातले, कचारगडच्या पायथ्याकडचे. दरेकसा स्टेशनवरून नागपूर दीडशे किलोमीटरच्या वर, आणि जामठ्याचं स्टेडियम त्याच्याही पलीकडे वर्धा रोडवर. रूममेट सातारचा आहे, तो मला नेहमी चिडवतो, "छत्तीसगडची हद्द तुमच्या अंगणात. तुझा आणि विदर्भाच्या टीमचा संबंध काय रे?" मुद्दा बरोबर आहे. माझ्या गावात लेदर बॉल कुणी हातात धरलेला नाही.

पण योग असा, की माघ पौर्णिमेला आमची कचारगडची जत्रा आणि रणजीची नॉकआउट बहुतेक एकाच सुमाराला येतात. पारी कुपार लिंगोने कोंडलेल्या लेकरांना सोडवलं ती ही गुहा, अशी आम्हा गोंड लोकांची श्रद्धा. पाच-सहा राज्यांतून माणसं येतात, जंगलातून चढून वर जातात, "जय सेवा"चा घोष चालू असतो. २०२४ ची पौर्णिमा होती २४ फेब्रुवारीला, आणि नागपुरात कर्नाटकविरुद्ध क्वार्टर फायनलचा दुसरा दिवस. मी आज्याबरोबर चढत होतो. मोबाईलला रेंज शून्य. दर दहा पावलांवर खिशातून काढायचो, बघायचो, ठेवायचो. आजा एकदा थांबला आणि म्हणाला, "त्या डब्यात काय पाहून राहिला रे सारखा?" मी सांगितलं, मॅच आहे, नागपूरची टीम खेळतेय. त्याने फक्त विचारलं, "आपली होय?" मी हो म्हटलं. मग खाली उतरेपर्यंत दोनदा त्यानेच विचारलं, "लागला का पत्ता आपल्यावाल्यांचा?"

आज्याने जन्मात क्रिकेटची मॅच पाहिलेली नाही. आपण पुढे आहोत की मागे, हे माहीत नसताना त्याने 'आपली' म्हटलं होतं. स्टेशनवर रेंज आली तेव्हा कळलं, विदर्भाने ४६० केले होते. ती मॅच १२७ रननी जिंकली. पुढे १४ मार्चच्या संध्याकाळी मी घरी फोन केला तर आजा म्हणाला, "हरलो का रे आपण?" हॉस्टेलच्या तीन मजल्यांवर दिवसभरात हे वाक्य मी ऐकलं नव्हतं.

कुणी म्हणेल, यात काय एवढं, आशा ही गणितावर ठेवावी. लीगमध्ये गणित हवंच. सरळ विजयाचे ६ पॉइंट, पहिल्या डावाच्या आघाडीचे ३, पिछाडीवर राहून ड्रॉ केला तर १. शेवटच्या राउंडला कोण वर जाईल हे आपण वहीच्या मागच्या पानावर मांडतोच. अमेरिकेत बेसबॉलवाले तर 'मॅजिक नंबर' काढतात. सीझनच्या १६२ मॅचमध्ये एक मिळवा, त्यातून आपले विजय वजा करा, मागच्या टीमचे पराभव वजा करा. उरेल तेवढं झालं की आपलं नक्की. सुंदर फॉर्म्युला आहे. पण त्याच देशात शिकागो कब्जचे लोक १९०८ नंतर थेट २०१६ ला चॅम्पियन झाले. मधली १०८ वर्षं स्टेडियममध्ये जाऊन बसणाऱ्यांनी कुठला नंबर मांडला होता?

दुसरा आक्षेप जास्त भारी आहे आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. 'आपले' म्हणजे नेमके कोण? २०१७ च्या त्या सेमीफायनलमध्ये विदर्भाविरुद्ध १५३ मारणारा करुण नायर २ मार्च २०२५ ला संपलेल्या फायनलमध्ये विदर्भाकडून ८६ आणि १३५ करतो. आणि २०१९ च्या फायनलमध्ये सौराष्ट्रच्या ११ विकेट काढणारा, पुजाराला दोन्ही डावांत घरी पाठवणारा आदित्य सरवटे त्याच फायनलमध्ये केरळकडून ७९ करून आपल्याच छातीवर बसतो! सरवटे टिकून खेळत होता तेव्हा मला कळेना, शिव्या द्याव्या की टाळ्या. शेवटी दोन्ही केलं. केरळची ही पहिलीच फायनल होती, तीही सेमीफायनलला गुजरातवर फक्त २ रनच्या आघाडीने मिळालेली. त्यांच्या 'आपण'चा त्या आठवड्यात काय हाल झाला असेल, याची कल्पना करवत नाही.

ती फायनल ड्रॉ झाली. दानिश मालेवारच्या १५३ मुळे पहिल्या डावात ३७ ची आघाडी, तिच्यावर ट्रॉफी. हर्ष दुबेच्या सीझनमध्ये ६९ विकेट, म्हणजे रणजीचा विक्रम. त्या रात्री हॉस्टेलमध्ये पातेली वाजली आणि गॅलरीत नाच झाला. नाचणाऱ्यांत तो जिन्यावरचा 'दम नाही'वालाही होता. मी त्याला काही म्हटलं नाही. २०१८ मध्ये मी तोच होतो.

एक गोष्ट मात्र बोचते म्हणून लिहितो. हे 'आपण' आणि 'ते' मेसच्या टेबलावरही ऐकू येतं. प्लेसमेंटचा सीझन सुरू होतो तेव्हा अख्खी बॅच 'आपण' असते. "आपल्या बॅचला यंदा पॅकेज भारी." शेवटच्या दोन-तीन कंपन्या उरतात तेव्हा ब्लेझर इस्त्री करून वाट पाहणारे पाच-सहा जण राहतात आणि त्यांचं नाव होतं 'ते'. "त्यांचं अजून व्हायचंय." माझा रूममेट त्यांच्यातला एक आहे. त्याचा ग्रुप डिस्कशनचा सराव पूर्वी आठ जण मिळून घ्यायचे. आता मी एकटाच घेतो, आणि मला इंग्रजी येत नाही.

तर रेक्टर सरांना एक विनंती. नॉकआउटच्या शेवटच्या दिवशी टीव्ही हॉल शेवटची विकेट पडेपर्यंत उघडा असावा, स्कोअर काहीही असो. आणि रिमोट मेसच्या काकांकडे द्यावा. ते चॅनेल बदलत नाहीत. बाकीच्यांनी सकाळी साडेनऊलाच यावं, लंचला नाही. खुर्च्या कमी आहेत.