सही आणि संमती

दर हजार नवजात अर्भकांपैकी सुमारे ८ बालकांच्या हृदयात जन्मजात दोष असतो. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे असे दोष अंगणवाडीत, शाळेतही हुडकले जातात, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पुढे काय? ‘इको’ ही ध्वनिलहरींची वेदनारहित तपासणी आहे. जांघेतील रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत बारीक नळी नेऊन काही छिद्रे छाती न उघडताही बुजविता येतात. भेदरलेल्या मातापित्यांना पुष्कळदा एवढेही कळलेले नसते, तोच संमतिपत्र पुढे येते! न समजता केलेली सही म्हणजे संमती नव्हे. लाभ, धोका व पर्याय मायबोलीत, चित्र काढून समजावणे हा उपचाराचाच भाग आहे. रुग्णालयांनी त्यासाठी स्वतंत्र माणूस नेमावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.