गाडी मागून बसते? पाटे वाढवायच्या आधी काट्यावर चढवा



कांदा निघायला लागला की गाडीचे प्रश्न सुरू होतात. या आठवड्यात तिघांनी एकच विचारलं, "दादा, गाडी मागून लई बसते. पाटा वाढवू का खाली ठोकळा टाकू?" फोनवर प्रत्येकाला तेच सांगण्यापेक्षा इथं लिहितो. माझं मत काहींना पटणार नाही, पण दोन वर्षांपूर्वी मी स्वतः जो शहाणपणा केला तो आधी ऐका.

माझी पिकअप दीड टनी. आणे पठारावरून आळेफाट्याला कांदा न्यायचा. आधी मळ्यातून शिवरस्ता, मुरूम, दोन ओढे, मग डांबरी, मग घाट. भरलेली गाडी चाकोरीत गेली की मागं रबराच्या गुटक्यावर धाडकन आपटायची. मिस्त्रीकडे नेली. त्यानं एक जाड पाटा वाढवला आणि एक्सल न् पाट्याच्या मधे दोन इंची लोखंडी ठोकळा बसवून दिला. गाडी मागून अशी उचलली की नवरदेवाची घोडी. मी खूश. त्या हंगामात ४२ गोण्या भरल्या आणि गाडी तरी सरळच उभी.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला घाट उतरत होतो. शेजारी पुतण्या. वळणावर पुढच्या टेम्पोनं एकदम ब्रेक मारला. मी पाय दाबला तर पुढचं नाक खाली गेलं आणि मागची चाकं जणू ब्रेकच नाहीत अशी ढकलत आली. टेम्पोपासून हातभर अंतरावर थांबलो. पुतण्या काही बोलला नाही, नुसता समोर बघत बसला. त्याचं ते गप्प बसणं अजून आठवतं.

आळेफाट्यावर एक जुने मिस्त्री आहेत. ते गाडीखाली झोपले आणि मला पण झोपवलं. मागच्या एक्सलवरून एक दांडी वर एका व्हॉल्व्हला जाते. मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते हा व्हॉल्व्ह ठरवतो. त्याला गोण्या मोजता येत नाहीत. चासी आणि एक्सल यांच्यातलं अंतर कमी झालं की तो समजतो गाडी भरलेली आहे आणि मागं पूर्ण दाब सोडतो. अंतर जास्त असलं की गाडी रिकामी समजून मागचा ब्रेक कमी करतो, नाहीतर रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होऊन घसरतील. आता मी मधे दोन इंचाचा ठोकळा घातलेला. म्हणजे ४२ गोण्या भरूनही त्या व्हॉल्व्हच्या हिशोबानं गाडी रिकामीच! काही नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक ब्रेक करतो, पण आपल्याकडच्या बऱ्याच पिकअपला ही दांडीच आहे. आज जाऊन खाली वाकून बघा.

ठोकळा आणि स्पेसर यांच्यावर माझा राग आहे तो यासाठी. त्यानं फक्त उंची मिळते, वजन पेलायची ताकद मिळत नाही. पाटे होते तेवढेच नरम राहतात. उलट एक्सल पाट्यापासून लांब जातो, म्हणून चढाला जोर लावला किंवा ब्रेक मारला की पाट्याला पीळ जास्त बसतो. यू-बोल्ट लांब लागतात. ब्रेकचा पाइप ताणला जातो. एकावर एक दोन ठोकळे टाकलेले पण पाहिलेत मी, त्यांना हात जोडतो.

आता जाड पाट्याचं. एकाच जाडीचे पाच पाटे असतील आणि तसाच सहावा टाकला तर मागची बाजू साधारण २० टक्के कडक होते. पण जाडीचा हिशोब वेगळा आहे, तो घनात चालतो. ८ मिलीच्या जागी १० मिलीचा पाटा टाकला की तो एकटा पाटा जवळपास दुप्पट कडक. मिस्त्री म्हणतो "थोडा जाड टाकू", ते थोडं नसतं. भरल्यावर बरं वाटतं, पण येताना रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्यावर उड्या मारते, ओल्या मातीत चाक जमिनीला धरत नाही. आपल्या निम्म्या खेपा रिकाम्याच असतात की.

म्हणून कधीमधी लोड असेल तर हेल्पर पाटा बरा. गाडी बसल्यावरच तो कामाला लागतो, एरवी बाजूला राहतो. आणि रोजच ठराविक वजन कायम बसवलेलं असेल, पाण्याची टाकी, फवारणीचा पंप, लोखंडी कॅरिअर, तर त्या वजनाच्या मापाच्या स्प्रिंगा घ्या. तिथं स्पेसरवर भागवू नका.

माझ्या चुलतभावाची चार चाकांना जोर असलेली जीप आहे, मागं कॉइल स्प्रिंगा. उन्हाळ्यात डोंगरावरच्या आंब्याच्या रोपांना ४०० लिटर पाणी नेतो. पाणी लिटरला किलो, म्हणजे ४०० किलो, वर टाकी आणि दोन माणसं. त्यानं स्प्रिंगवर एक इंची स्पेसर टाकलाय. उभी असताना गाडी लेव्हल दिसते. पण स्प्रिंग तितकीच दबते, आणि मोठ्या खड्ड्यात वेटोळी एकमेकांना टेकतात. टाकी रिकामी झाली की शॉकअप आधीच लांब झालेला, चाक खाली यायला जागा कमी. वाकड्या वाटेवर एक चाक लवकर हवेत. जोर चारी चाकांना आहे, पण जमिनीला लागलेल्या चाकाचाच उपयोग.

त्याला मी स्प्रिंगांच्याही आधी टाकी पुढं सरकवायला सांगितली. हे गणित फार कमी लोक करतात. पुढच्या-मागच्या एक्सलमधे तीन मीटर अंतर धरा. ३०० किलो वजन मागच्या एक्सलच्याही मागं एक मीटरवर ठेवलं, तर मागच्या एक्सलवर ४०० किलो येतं आणि पुढचा एक्सल १०० किलोनं हलका होतो. स्टेअरिंग हलकं लागतं ते यामुळंच. तेच ३०० किलो एक्सलच्या पुढं आणलं की निम्मी तक्रार फुकटात मिटते.

आणि ज्याचं नाव काढलं की सगळे विषय बदलतात ते म्हणजे भुईकाटा. घाटातल्या त्या दिवसानंतर मी हिशोब केला. ५० किलोची गोणी, ४२ गोण्या, २१०० किलो. दीड टनी गाडीत ६०० किलो जादा. पाटे वाढले, पण हबचं बेअरिंग, एक्सल, टायर, ब्रेक, चासी तीच. आरसीवरचा ग्रॉस वजनाचा आकडाही तोच. गाडी मागून बसत होती ती मला हेच सांगत होती आणि मी ठोकळा घालून तिचं तोंड बंद केलं. दंडाचं म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहेत. पण खरं सांगतो, मला दंडापेक्षा पुतण्याचा चेहरा महाग पडला.

"भाव पडलेला असताना दोन खेपा परवडतात का?" हे विचारणारे चुकीचे नाहीत. डिझेल मलाही फुकट मिळत नाही. पण मी आता २८ गोण्यांवर थांबतो, आणि माल जास्त असला की शेजारच्या मळ्यातला न् माझा मिळून मोठा टेम्पो करतो. हिशोब फार वाकडा जात नाही.

ठोकळा काढून टाकला. जुने पाटे बघितले तर कमान पार मोडलेली, बुश घासलेले. नवा कंपनीच्या मापाचा सेट टाकला, व्हॉल्व्हची दांडी नीट लावून घेतली, चार खेपांनंतर यू-बोल्ट परत आवळले. गाडीचा निम्मा आजार म्हातारे पाटे हाच होता, आणि मी त्यावर ठोकळ्याचा इलाज करत होतो.

तुम्ही एवढं करा. रिकाम्या गाडीचं चाकाच्या मधापासून वरच्या पत्र्यापर्यंत अंतर टेपनं मोजा, भरल्यावर परत मोजा. काट्यावर एकदा पूर्ण गाडी आणि एकदा फक्त मागची चाकं चढवा. मग मिस्त्रीकडे जा.

रविवारी चुलतभावाची टाकी पुढं सरकवायचीय. टेप घेऊन जातोय, आधीचे-नंतरचे आकडे इथंच टाकतो.