चातुर्मासानंतरची गाडी

चातुर्मासात पुष्कळ श्रावक कुटुंबे प्रवासाची मर्यादा घेतात. गाडी चार महिने दारात उभी राहते आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर यात्रेचा दिवस उजाडला, की जुनी कार्ब्युरेटरची मारुती ८०० सुरूच होत नाही. मग घाई होते, अंदाजाने भाग बदलले जातात आणि दोष बहुधा ड्रायव्हरच्या माथी जातो. वास्तविक तेरीज जुळत नसेल तर कोणी सारी वही नव्याने लिहीत नाही; एकेक खाते तपासले जाते. गाडीचेही तसेच आहे.

पहिले काम जयणेचे. बॉनेट उघडून पाहावे. पावसाळ्यात तेथे उंदराने वा मांजराने आसरा घेतलेला असू शकतो. जीव सुखरूप बाजूला गेल्याखेरीज किल्लीला हात लावू नये. कुरतडलेली वायरही याच वेळी दिसते.

नंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक ओढून किल्ली फिरवावी. इंजिन फिरतच नाही, की फिरते पण पेट घेत नाही, एवढे कळले तरी निम्मे काम होते. नुसता ‘टक्’ आवाज येऊन दिवे मंदावले, तर बॅटरी तपासावी. पूर्ण भरलेली बॅटरी बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेलेली जवळजवळ रिकामी समजावी. व्होल्ट पुरेसे असूनही इंजिन फिरत नसेल, तर टर्मिनलवर साचलेला पांढरा-हिरवा थर आणि अर्थिंगची जोडणी आधी स्वच्छ करावी. स्टार्टर बदलण्याचा खर्च कधी कधी एवढ्यानेच वाचतो.

इंजिन जोमाने फिरूनही पेटत नसेल, तर बहुधा ठिणगी आणि पेट्रोल ही दोन खाती उरतात. दमट हवेने डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल धरते. ती कोरड्या फडक्याने पुसावी. प्लग काढून पाहावा. तो कोरडा असेल, तर पेट्रोल पोहोचत नाही. पंप, फिल्टर व कार्ब्युरेटर पाहावेत. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोल उडून मागे चिकट थर राहतो. प्लग ओला असेल, तर ठिणगीकडे वळावे. मात्र पेट्रोलच्या वाफेजवळ तिची चाचणी घरी करू नये, ते काम मेकॅनिकचे. किल्ली एका वेळी दहा सेकंदांहून अधिक धरू नये आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी, म्हणजे खरे कारण हाती लागते.

सत्याणुव्रताच्या अतिचारांत सहसाभ्याख्यान, म्हणजे विचार न करता कोणावर आळ घेणे, हा एक सांगितला आहे. उभ्या गाडीची बॅटरी आपोआप उतरते. चातुर्मासाच्या आरंभीच तिची निगेटिव्ह तार सोडवून ठेवली, तर ती बरीच टिकते. हे न पाहता ड्रायव्हरला चारचौघांत बोलणे सोपे असते, कारण पगारावरचा माणूस मालकाला उलट उत्तर देत नाही. म्हणूनच तपासाची जबाबदारी मालकावर अधिक येते. आणि शब्द आधीच निघून गेला असेल, तर क्षमापनेसाठी पुढील पर्युषणाची वाट पाहू नये.