नीलोत्पल : लेबलवरील आणि टाकीतील

अशोकारिष्ट, अरविंदासव, चंदनासव आणि च्यवनप्राश या चारही कल्पांच्या पाठात उत्पल आहे. यांपैकी एकही बाटली ज्याच्या मांडणीवर नाही असा वैद्य आपल्या जिल्ह्यात क्वचितच आढळेल. तथापि फुललेले नीलोत्पल स्वतः हाताळलेले वैद्य व औषधनिर्माते आपल्यात किती असतील, याची शंका येते. प्रत्येक फार्मसीने आपल्या आवारात हे रोप जोपासावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चरकांनी मूत्रविरजनीय गणात पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगंधिक, पुंडरीक, शतपत्र अशी वेगवेगळी नावे दिली. सुश्रुतांनी तर उत्पलादि असा गणच सांगितला. आपण मराठीत या साऱ्यांना ‘कमळ’ म्हणून मोकळे झालो. आपल्याकडील कृष्णकमळ ही वेल, घरोघरचे ब्रह्मकमळ हा निवडुंगाचा प्रकार आणि कासच्या कुमुदिनी तलावातील पांढरी झालरदार फुले ही निम्फॉइडिस, म्हणजे कुमुदाचे निम्फिया कुलही नव्हे! नावांचा असा गोंधळ असल्यावर बाजाराला दोष तरी किती द्यावा?

फार्माकोपियाने उत्पल म्हणून निम्फिया स्टेलाटाचे (आजचे नाव निम्फिया नौचाली) शुष्क पुष्प मानले आहे. कमळ म्हणजे निलंबो न्युसिफेरा. ‘नीलोत्पल’ म्हणून मागविलेल्या पोत्यात कमळाच्या सुट्या पाकळ्या आलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत. म्हणून सुट्या पाकळ्या घेऊच नयेत, अखंड फूल मागावे. कमळाच्या मध्यभागी खळगे असलेली शंक्वाकार कर्णिका असते व ती वाळल्यावरही लपत नाही. उत्पलात ती नसते. बाहेर चार निदले असतात आणि त्यांवर बारीक गडद रेघा व ठिपके दिसतात. ताज्या रोपात तर भेद अधिकच सोपा. कमळाचे पान अखंड वर्तुळाकार असून पाण्याच्या वर उभे राहते. उत्पलाचे पान देठापर्यंत चिरलेले असून पाण्यावर तरंगते.

लागवड अवघड नाही. सव्वा मीटर लांब-रुंद व दोन फूट खोल सिमेंटची टाकी पुरते. नव्या टाकीतील पाणी दोन-तीन वेळा बदलून सिमेंटचा क्षार जाऊ द्यावा. पसरट घमेल्यात गाळाची किंवा काळी माती भरावी, तळाशी थोडे पूर्ण कुजलेले खत, वर जाड वाळूचा थर. ताजे शेण घातल्यास पाणी सडते. कंदाचा कोंब मातीवर राहील असे लावून प्रथम वीतभर, पाने वाढल्यावर हातभर पाणी ठेवावे. दिवसाकाठी सहा तास ऊन हवे, सावलीत फूल येत नाही. डासांसाठी गप्पी मासे सोडावेत. मावा पडल्यास पाने पाण्याने धुवावीत, फवारणी नको. फूल सकाळी उमलते व पुढे मिटते, असे तीन-चार दिवस चालते. नंतर देठ वळून फळ पाण्याखाली पिकते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या दिवशीच खुडून सावलीत वाळवावे.

मात्र रोप घेताना सावध असावे. रोपवाटिकांत मिळणाऱ्या मोठ्या, गडद निळ्या ‘लिली’ बहुधा संकरित असतात. त्या शोभेसाठी ठीक. नमुना म्हणून वनस्पतिशास्त्राच्या अध्यापकाकडून ओळख पटविलेलेच रोप ठेवावे.

पारनेर, कर्जत, पाथर्डीसारख्या तालुक्यांत, जेथे माणसांना टँकरचे पाणी प्यावे लागते, तेथे जलवनस्पती कशाला, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच शेतकऱ्यांनी शेततळ्यात उत्पलाचे पीक घ्यावे, या अधूनमधून ऐकू येणाऱ्या सूचनेशी मी सहमत नाही. आपली शेततळी प्लॅस्टिक अंथरलेली, खोल, तळाशी माती नसलेली. पाणी उपसले की पातळी पुरुषभर उतरते. कंद तेथे टिकणार नाहीत आणि पाण्यावर पहिला हक्क फळबागेचा आहे. टाकीची गोष्ट निराळी. एकदा भरल्यावर ऐन मे महिन्यातही तिला रोज साधारण एक बादली पाणी लागते.

या टाकीतून अरिष्टाचा घाणा निघणार नाही, हे उघड आहे. ती तुलनेसाठी आहे. मालासाठी भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांच्या परिसराकडे पाहावे आणि खरेदी एकेकट्याने न करता आपल्या संघटनेमार्फत एकत्रित करावी. आलेले प्रत्येक पोते उघडताना टाकीतील वाळविलेले फूल शेजारी ठेवावे. गुणेशास्त्रींच्या ‘औषधी गुणधर्मशास्त्रा’वर वाढलेल्या या जिल्ह्याला एवढे जड जाऊ नये. दर दोन-तीन वर्षांनी कंद विभागावे लागतात. पावसाच्या आरंभी माझ्याकडचे जादा कंद सभासदांना विनामूल्य मिळतील, घमेले मात्र आपले आणावे.